पाठवणीच्या गाडीचे शॉकअप

गाडीखालून बाईचे पाय बाहेर आलेले दिसले की माणसं आधी थांबतात, मग इकडेतिकडे बघतात आणि शेवटी कुणाला तरी विचारतात, "मेकॅनिक कुठंय?" पेणला हायवेलगत आमचं कमान-पाट्यांचं गॅरेज आहे. तिथं माझं निम्मं आयुष्य या प्रश्नाला उत्तर देण्यात गेलं. खालूनच ओरडायचे, "वाकून बोला, मीच ती." काही जण वाकायचे, काही जण उद्या येतो म्हणून निघून जायचे. निघून गेलेले बहुतेक सगळे परत आले, हे इथं छापून यावं अशी माझी इच्छा आहे.

गॅरेज सासऱ्यांचं. आमच्या ह्यांनी ते वाढवलं आणि ऐन भरात असताना त्यांच्या कमरेचा मणका सरकला. दुनियेच्या गाड्यांच्या कमानी सरळ करणारा माणूस, त्याची स्वतःची कमान बसली म्हणून ड्रायव्हर लोक चेष्टा करायचे. मी तोवर गल्ल्यावर बसायचे आणि हाताखाली पाने द्यायचे. कुठल्या नटाला कुठला पाना हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. हे बरे होईपर्यंत म्हणून साडीवर त्यांचा जुना शर्ट चढवून गाडीखाली शिरले, ती तिथलीच झाले. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनीच शर्टाची बटणं घट्ट करून दिली.

आता आमचा धंदा म्हणजे काय, ते सांगते. गाडी आणि चाक यांच्यामध्ये जे काही असतं ते आमचं. टेम्पो-ट्रकला खाली लोखंडाचे लांब पाटे एकावर एक बांधलेले असतात, त्याला कमान म्हणतात. लहान गाड्यांना गोल स्प्रिंग असते. पाटा काय नि स्प्रिंग काय, काम एकच, वजन पेलायचं. पण खड्ड्यात दबलेली स्प्रिंग सुटली की उड्या मारत राहते. तिला गप्प बसवायला जो दांडा असतो तो शॉकअप. स्प्रिंग उचलणार, शॉकअप आवरणार. घरात जशी एक व्यक्ती पुढे पळणारी आणि एक मागे ओढणारी लागते तसंच. आमच्या घरात पळणारी कोण हे सांगायला नको.

बाहेरच्या लोकांचा एक ठाम गैरसमज असतो की कमान जितकी कडक तितकी चांगली. त्यांना मी हमरापूरला घेऊन जाईन. तिथं घराघरात गणपती बनतात आणि मोसमात तेच टेम्पो मूर्ती वाहतात, जे बाकीचं वर्षभर खडी आणि विटा वाहतात. खडीसाठी बांधलेल्या कमानीवर गणपती ठेवला तर काय होईल? मूर्ती जागा खूप खाते पण वजनाला हलकी. कमान दबतच नाही, सगळा दणका थेट मूर्तीला. मग सोंडेला तडा, बोटं तुटलेली, कान गळून पडलेला. म्हणून मोसम सुरू झाला की आमच्याकडे टेम्पोंची रांग लागते. प्रत्येकाच्या कमानीतले एक-दोन पाटे काढून आम्ही त्यावर मालकाचं नाव रंगवून भिंतीला टेकवून ठेवतो. विसर्जन झालं की पुन्हा चढवायचे. या पाट्यांना आमच्या गॅरेजमध्ये सुट्टीवरचे पाटे म्हणतात.

तिथले दामूशेट म्हणून एक मूर्तिकार होते. ते ड्रायव्हरवरही विश्वास ठेवायचे नाहीत आणि माझ्यावरही. पाटे काढून झाले की टेम्पोच्या हौद्यात काठोकाठ भरलेली कळशी ठेवायचे आणि स्वतः शेजारी मांडी घालून बसून जिते गावाच्या बाजूला चक्कर मारून यायचे. पाणी सांडलं की टेम्पो नापास. एकदा माझा टेम्पो नापास झाला. मी खाली शिरून पुन्हा तपासला, काही सापडेना. शेवटी कळलं की वाटेत ओळखीचं कुणी दिसलं म्हणून दामूशेट स्वतःच उठून हात हलवत होते आणि त्यांचाच गुडघा कळशीला लागत होता. पण कबूल करायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी गुपचूप तोच टेम्पो घेऊन गेले.

असे नग खूप. कोलाडकडचे एक गुरुजी वर्षभर दर महिन्याला यायचे, गाडीत टक-टक आवाज येतो म्हणून. बुश बदलले, लिंक बदलली, आवाज तसाच. शेवटी मी त्यांच्यासोबत गाडीत बसले. टक-टक गुरुजींच्या खिशातल्या अडकित्त्याची होती, वळणावर तो दाराला लागायचा. त्यांनी मला शपथ घातली की हे त्यांच्या बायकोला सांगायचं नाही. बाई आता हयात नाहीत, म्हणून लिहिलं.

एक खंत लिहून टाकते. मी गाडी चालवायला कधी शिकले नाही. आवारात पुढे-मागे घेते तेवढंच. ट्रायलला ड्रायव्हरशेजारी बसायचं, डोळे मिटायचे आणि तळव्यांनी गाडी ऐकायची, हे मला कुणीही विचारा. पण स्टिअरिंग आपल्या हातात आणि समोर रस्ता, हे राहिलं. आधी लोक काय म्हणतील, नंतर वेळ नाही, आता गुडघे. कारणं काय, मिळतातच.

पण मला सांगायचंय ते रोह्याच्या निळ्या गाडीचं.

मुश्ताकभाईंचा फोन आला तो असाच कुणा ड्रायव्हरकडून नंबर घेऊन. मी म्हटलं, गाडी घेऊन या. तर म्हणाले, गाडी येऊ शकत नाय काकू, मोहल्ल्याच्या तोंडावरचा स्पीडब्रेकर ओलांडत नाय. मी कुणाच्या घरी जाऊन काम करत नाही. घरी जॅक सरळ बसत नाही, हत्यार विसरलं तर कपाळावर हात मारून बसावं लागतं आणि दहा शहाणे भोवती उभे राहून सल्ले देतात. तसं सांगून फोन ठेवणार होते. तेव्हा ते म्हणाले, "परवा पोरीचं लग्न हाय. तिला या गाडीतून पेणला मी स्वतः सोडणार हाय." मी ओळखीच्या टेम्पोत हत्यारं टाकली आणि निघाले.

मुश्ताकभाई आखातात होते. मुलगी सना पाळण्यात असताना गेले ते तिच्या लग्नालाच कायमचे परत आले. मधे सुट्टीला यायचे, तेवढंच. येताना त्यांनी आयुष्यभराची एक हौस पुरी केली. मुंबईतून जुनी पण देखणी, दोन दारांची, दोनच सीटची स्पोर्ट्स कार घेतली. भावकीतल्या बायका चिडल्या. दोन सीटच्या गाडीत लग्नाची मुलगी कशी जाणार, नवरदेव कुठं बसणार? मुश्ताकभाईंनी सरळ सांगितलं की नवरदेव मागच्या गाडीत बसेल, तो तिच्याबरोबर आयुष्यभर बसणारच आहे. मला रोह्यापासून पेणपर्यंत माझी मुलगी एकटी पाहिजे. पेणच्या पाहुण्यांनी हसून हो म्हटलं. नवरदेव बिचारा काय बोलणार.

मी पोचले तर अंगणात सगळा खेळ मांडलेला. गाडी मधोमध उभी, एक बाजू उचललेली, आणि कुंपणापाशी मांडववाले बांबू घेऊन ताटकळलेले, कारण मांडव त्याच जागेवर पडायचा होता. मुश्ताकभाईंनी परदेशातून गाडीसाठी महागडा शॉकअपचा सेट मागवला होता. स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक. खाली आटे पाडलेले, त्यावरून गाडी वर-खाली करता येते. माथ्यावर नॉब, तो फिरवला की शॉकअप कडक किंवा नरम होतो. वस्तू अव्वल, खोटं कशाला बोलू. ती चढवली मात्र मुश्ताकभाई, त्यांचे दोन चुलतभाऊ आणि मोबाईलवरचे व्हिडिओ, या सगळ्यांनी मिळून.

आधी त्यांनी गाडी दिसायला छान म्हणून खाली बसवली. ती स्पीडब्रेकरला पोटावर अडकली. सगळा मोहल्ला बाहेर आला, आणि चौघांनी उचलून ती काढावी लागली. मुलीच्या पाठवणीला असं झालं तर, या धास्तीनं मग त्यांनी जे केलं ते फक्त आमच्या भागातलाच माणूस करेल. इथं टेम्पोचं बूड टेकायला लागलं की स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे बफर ठोकतात. तेच जाडजूड बफर त्यांनी त्या परदेशी स्प्रिंगमध्ये ठोकले. वरून सगळे नॉब कडकच्या टोकाला फिरवले, महागाची वस्तू म्हणजे कडकच असणार म्हणून. गाडी उचलली गेली, पण आता स्प्रिंग दबेचना. बारीक खडा लागला तरी बसणाऱ्याचे दात वाजत होते, आणि वळवली की खालून करकर. मी गाडीवर हात टेकून दाबून बघितलं. ओट्यावर हात टेकावा तशी ती गप्प उभी.

"काकू, व्हईल ना?" त्यांनी विचारलं. चुलतभाऊ म्हणाले, नायतर मोठी गाडी भाड्यानं सांगून ठेवतो. मुश्ताकभाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते दोघं मांडववाल्यांकडे निघून गेले.

मी म्हटलं, होईल, पण मी सांगेन तसं वागायचं आणि सल्ला कुणी द्यायचा नाही.

गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर चढवली. बफर काढून कुंपणापलीकडे भिरकावले. आट्यांवरून उंची वाढवली, स्पीडब्रेकरला पोट लागणार नाही आणि गाडी ध्यानही दिसणार नाही इतपत. नॉब नरमाकडे आणले. मग करकर कुठून येते ते बघितलं. चाक धरून ठेवणारे जे हात असतात, त्यांच्या टोकाला रबराचा बुश असतो आणि त्यातून बोल्ट जातो. बोल्ट आवळला की बुश त्याच जागी पकडला जातो. यांनी चाकं हवेत लोंबत असतानाच सगळे बोल्ट करकचून आवळले होते. गाडी जमिनीवर आल्यावर बुश बिचारे कायमचे पिळवटलेले. असा बुश कण्हत राहतो आणि लवकरच फाटतो. नशीब, अजून फाटले नव्हते. सगळे बोल्ट सैल केले तेव्हा गाडीनं सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला.

आता ते आवळायचे तर गाडी चाकांवर उभी पाहिजे, तिच्यावर वजन पाहिजे आणि मला खाली शिरायला जागाही पाहिजे. गॅरेजमध्ये खड्डा असतो, इथं काय? मी मांडववाल्यांच्या ढिगाकडे बघितलं. स्टेजच्या जाड फळ्या होत्या. मांडवाचा मुकादम कुरकुरला, फळ्यांना तेल लागेल म्हणाला. मी म्हटलं, गाडी इथून हलली नाही तर तुमचा मांडव गाडीवर घालावा लागेल. फळ्या मिळाल्या. चारी चाकांखाली चळत लावून गाडी वर उभी केली.

मग मी विचारलं, या गाडीत त्या दिवशी कोण कुठं बसणार? मुश्ताकभाई म्हणाले, मी स्टिअरिंगवर, सना डावीकडं. म्हटलं, तर मग आत्ता तसेच बसा. मुश्ताकभाई अंगानं भरलेले, आखातातल्या बिर्याणीनं चांगले पोसलेले. सना म्हणजे काडी. एवढा फरक असला की लहान गाडी उजवीकडे कलणार. टेम्पोवाला म्हणेल, कलू दे. मी नाही म्हणत. मला ती दोघं बसल्यावर गाडी नाकासमोर सरळ दिसायला हवी होती.

सनाला बोलावणं गेलं. ती आली तेव्हा दोन्ही हातांना कोपरापर्यंत ओली मेंदी. दार तिच्या चुलतीनं उघडलं, ओढणी चुलतीनंच सावरली, आणि ही हात हवेत धरून फळ्यांवर पाय देत कशीबशी आत उतरली. मुश्ताकभाई आपल्या जागेवर. मी ताकीद दिली की हलायचं नाही, खाली उतरायचं नाही, मी सांगेपर्यंत दोघांनी पुतळ्यासारखं बसायचं. चाकांवरच्या पत्र्याखाली बोटं घालून अंतर बघितलं, उजवीकडची उंची जराशी वाढवली, पुन्हा बघितलं. गाडी सरळ आली. मग गोणपाट अंथरून खाली शिरले.

वर दोघं गप्प. मी एकेक बोल्ट आवळत होते. मला वाटलं, बाप-लेकीचं काही बिनसलंय की काय. मग सनाचा आवाज आला.

"अब्बू, तुम्ही सुट्टीला यायचात ना, तवा मी तुमच्या बॅगेकडं बघायची. तुमच्याकडं नाय."

"म्हायतीय मला," मुश्ताकभाई म्हणाले. "म्हणून मी आधी बॅगच उघडायचो. नायतर तू आत पळून जायचीस."

ती हसली. मग म्हणाली, "मला गाडी येते, ते म्हायतीय का?"

"कधी शिकलीस?"

"मामूनं शिकवली. लायसन पण हाय. तुम्हाला फोटो पाठवला व्हता."

"फोटो बघितला व्हता मी," ते म्हणाले आणि थांबले. "मला वाटलं, कुणाच्या तरी गाडीत नुसती बसलीस."

मग ती त्यांना हळूहळू सगळं सांगायला लागली. कुठल्या रस्त्यावर शिकली, पहिल्यांदा कुणाच्या कुंपणात गाडी घातली, मामू कसा ओरडला. ते मधूनमधून विचारत होते, अशा गोष्टी विचारत होते ज्या बापाला आधीच ठाऊक असायला हव्यात. माझा शेवटचा बोल्ट केव्हाच आवळून झाला होता. मी खाली पडून उगाच पाना वाजवत राहिले. मांडवाचा मुकादम दोनदा वाकून विचारून गेला, काकू, अजून किती? मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. मेंदी वाळून तिचे पोपडे पडायला लागले तेव्हा बाहेर आले. पाठ मोडून गेली होती, पण गाडीखाली इतकं सुखानं मी कधी पडले नव्हते, हे खरं.

ट्रायलला मुश्ताकभाईंच्या शेजारी मी बसले. मोहल्ल्याच्या तोंडावर तोच स्पीडब्रेकर, आणि दोन्ही बाजूला तीच बघी मंडळी. मी डोळे मिटले. पुढची चाकं चढली, उतरली, मागची चढली, उतरली. पोटाला काही लागलं नाही, करकर नाही, दणका नाही. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मुश्ताकभाई स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले. मी बजावलं की नवीन सेट आहे, पेणला येईपर्यंत हळू या, आणि आमच्या गॅरेजवरूनच जा, मला बघायचीय.

लग्नाच्या दिवशी मी दुपारपासून गॅरेजच्या दारात. आमचे हे खुर्ची टाकून शेजारी. मणका गेला तरी त्यांची नजर अजून तशीच आहे, लांबून येणाऱ्या गाडीचा कुठला पाटा तुटलाय ते सांगतात. मी तशी धीराची, पण त्या दिवशी बसवेना. कितीही म्हटलं तरी दुसऱ्यानं पिळलेले बुश होते, घरच्या अंगणात फळ्यांवर केलेलं काम होतं. वाटेत एखादा शॉकअप गेला असता तर एका बापाचा तो प्रवास पुन्हा कुठून आणायचा? भर रस्त्यात मुलीला उतरवून भाड्याच्या गाडीत घालायचं?

शेवटी निळी गाडी दिसली, मागे वऱ्हाडाच्या गाड्या. मी नीट बघितलं. गाडी कलली होती. फार नाही, अर्धं बोट. रस्त्यावरच्या कुणालाही दिसलं नसतं. डावीकडे, म्हणजे ज्या बाजूला सनाचं काडीचं वजन, त्याच बाजूला.

"डावीकडं झुकलीय गो," हे खुर्चीतून म्हणाले.

मी रस्त्याच्या कडेला धावले. मनात म्हटलं, गेला डावा शॉकअप, गेली माझी अब्रू, आणि त्या माणसाचं काय. गाडी हळू झाली. आमच्या समोरच्या स्पीडब्रेकरवर चढली, मऊ उतरली. कुठं काही घासलं नाही, वाजलं नाही. ती माझ्या पुढ्यात आली तेव्हा काच खाली होती.

स्टिअरिंगवर सना होती. लग्नाचा शालू, डोक्यावरची ओढणी मागे खोचलेली, मेंदीचे लालभडक हात स्टिअरिंगवर घट्ट, आणि नजर रस्त्यावरून हलायला तयार नाही. डावीकडे मुश्ताकभाई. भलामोठा माणूस त्या एवढ्याशा सीटमध्ये रुमाल डोळ्यांना लावून हमसून हमसून रडत होता, आणि रुमालाच्या कडेनं लेकीचं गाडी चालवणं बघत होता. माझ्याकडे बघायची दोघांनाही शुद्ध नव्हती. मीही हाक मारली नाही.

गाड्या गेल्या. मी परत येऊन दारात उभी राहिले, तर ह्यांचं आपलं तेच. डावीकडं झुकली व्हती, मी बघितली, तू नीट बसवली नायस.

मी शर्टाला हात पुसले. म्हटलं, "झुकू दे. त्या बाजूला बाप बसलाय."